खिडकीपाशी घेतलेलं माप

तीस वर्षं माणसांना नकली डोळे करून देता देता काकांचं स्वतःचं नाव कुठंतरी गळून पडलं होतं. गल्लीतले लहानथोर त्यांना डोळेकाका म्हणत. बघायचं काम देवाचं, आणि बघतोय असं दिसायचं काम आपलं, एवढं साधं त्यांचं तत्त्व.

ज्याचा एक डोळा गेला, त्याला ते खिडकीपाशी स्टुलावर बसवत, आपण समोर बसत आणि शाबूत डोळा बघून तसाच दुसरा रंगवत. बुबुळाच्या रेघा बारीक कुंचल्यानं, पांढऱ्यावरच्या शिरा लाल रेशमाच्या सुट्या तंतूंनी. मधल्या काळ्या बाहुलीचं माप मात्र पट्टीनं, दिवसाच्या उजेडात. तिथं तडजोड नाही. तयार डोळे घासून गुळगुळीत करायचं काम काकूंकडे. त्या म्हणत, "कपाटात शंभर डोळे पडलेत, पण घरातलं एक जळमट कोणाला दिसेल तर शपथ."

अशा ह्या काकांकडे एक दिवस एक सून तक्रार घेऊन आली. तिच्या सासूबाई शिवणकाम करत. आजारपणात त्यांचा डावा डोळा काढावा लागला होता. काकांनी केलेला डोळा बसवून अकरा दिवस झाले होते, आणि त्या अकरा दिवसांत चार वर्षांची नात आजीच्या मांडीवर बसली नव्हती. डोळ्यावर पट्टी बांधलेली होती तेव्हा बसत होती, बरं का. आता लांबून बघे आणि आईच्या मागे दडे. का म्हणून विचारलं तर एकच सांगे, आजी एका बाजूनं रागावलीय. शेवटी आजींनी डोळा काढून वाटीत ठेवला. पट्टी बांधून दाराबाहेर पाऊल टाकायची त्यांना लाज वाटे, म्हणून त्या घरातच बसून राहिल्या.

काकांना ते झोंबलं. त्यांनी वहीतलं माप काढून दाखवलं. इकडे तीन मिलिमीटर, तिकडे तीन मिलिमीटर. पोर लहान आहे, होईल सवय, म्हणाले.

"माप बरोबरच असेल हो काका," सून म्हणाली. "पण ती रोज त्यांच्या कुशीत झोपायची. आता रडून रडून झोपते, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्या असतात."

काकांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते त्यांच्या घरी गेले. शिवणयंत्रावर एक दिवा होता, बाकी खोलीत अंधूक उजेड. काकांच्या सांगण्यावरून आजींनी डोळा बसवला. नात उंबऱ्यापाशी रिळांचा डबा घेऊन बसली, आत येईना. आजी काकांशी बोलत होत्या. मधेच डबा सांडला आणि त्यांनी वळून नातीकडे पाहिलं.

उजव्या डोळ्यातली बाहुली फुलली.

उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, हे काकांना पाठ होतं. पण दिवा तोच होता, जागा तीच होती. त्यांनी आजींना आपल्याकडे बघायला सांगितलं; बाहुली आवळली. नातीकडे बघा म्हणाले; पुन्हा फुलली. ताळा पडताळावा तसं त्यांनी तीनदा करून पाहिलं आणि खाली मान घातली. खिडकीपाशी आजी कोणाकडे बघत होत्या? मापाची पट्टी घेऊन बसलेल्या एका परक्या माणसाकडे. तीस वर्षं ते परक्याकडे बघणारा डोळा रंगवत आले होते. पोरगी खोटं बोलत नव्हती. आजीचा एक डोळा तिला खरंच ओळखत नव्हता.

त्यांनी आजींना सगळं समजावलं. बाहुली मोठी करता येईल, पण मग भर उजेडात दोन डोळे जुळायचे नाहीत. रस्त्यावर लोकांच्या लक्षात येईल.

"येऊ दे की," आजी म्हणाल्या. "लोकांना कुठं मांडीवर घ्यायचंय मला? एवढ्यासाठी आता घरात नाही बसायची मी."

काकांनी वरचा थर घासून काढला, बुबुळ नव्यानं रंगवलं, पारदर्शक थर चढवून तो घट्ट व्हायला डोळा उकळत्या पाण्यात ठेवला. घासायला घेताना काकूंनी सवयीनं मापाची पट्टी लावली. "अहो, साडेपाच झालंय हे. चुकलात."

"असू दे," ते म्हणाले. "ह्या वेळी नातीकडून माप घेतलंय."

तिसऱ्या संध्याकाळी डोळा बसला. नात उंबऱ्यावरून आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे बघत राहिली. ती उठली, आजीकडे पाठ करून खुशाल मांडीवर बसली आणि रिळांची माळ ओवून दे म्हणून हुकूम सोडू लागली. लाल आधी, मग पिवळं. आजींच्या हाताला दोरा सापडेना. खालून नात ओरडत होती, लवकर, लवकर.

काकांना वाटत होतं, तिनं एकदा तरी वर मान करून डोळा नीट बघावा. तिनं काही बघितलं नाही. थोडा वेळ थांबून ते चपला घालून निघाले, तेव्हा आतून चढा आवाज येत होता, "आजी, हिरवं नाही, पिवळं म्हटलं ना."