चालकाची चूक

गुणमालाकाकूंना कुणाचा राग आला की त्या भांडत नसत, अबोला धरत नसत. त्या माणसाला घरी बोलावून आग्रहानं वाढत. गल्लीतल्या जाणत्या बायकांना हे ठाऊक होतं. म्हणून परवा त्यांनी भरतेशच्या वाटीत तिसऱ्यांदा आमरस ओतला, तेव्हा शेजारची चंदना घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "भरतेशचं काही खरं नाही आता."

भरतेशनं मात्र वाटी पुसून खाल्ली, ढेकर दिला आणि वर विचारलं, "काकू, मग कधी जायचं जतला?"

भरतेश म्हणजे मिरज रस्त्यावरच्या होशिकावा मोटारींच्या शोरूमचा मालक. माणूस गोड. गिऱ्हाईक दारात दिसलं की मावसभाऊ भेटल्यासारखा धावायचा आणि गाडी एकदा खपली की त्याच गिऱ्हाइकाला लांबचा पाहुणा करून टाकायचा. शोरूमच्या भिंतीवर एक जुना फोटो होता. जपानातल्या कुठल्याशा गावात भातगिरणीची इंजिनं दुरुस्त करणारा हा म्हातारा होशिकावा, कंपनीचा मूळ पुरुष. लढाईत गाव जळालं, मग त्यानं आधी तीनचाकी टेम्पो केला, नंतर मोटार. पहिली मोटार एका डॉक्टरनं घेतली आणि महिन्याभरात तिचं दार निखळलं. होशिकावा स्वतः हत्यारांची पेटी घेऊन आगगाडीनं गेला, डॉक्टरच्या उंबऱ्यासमोर कमरेत वाकला आणि म्हणाला, दोष माझा. फोटो त्या वाकण्याचा होता.

या फोटोपुढं काकूंचे यजमान, जिनदत्त आण्णा, विरघळले. हळदीच्या पेठेत सगळी हयात गेलेला माणूस. गाठ हातात घेऊन मोडली की आतला रंग सांगायचा, पण माणसाच्या बाबतीत वरच्या सालीवर भुलायचा. "कंपनी अशी पाहिजे," म्हणाले, आणि गाडी घेतली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी होशिकावाचा इतिहास ऐकावा लागे.

गाडीनं मागच्या उन्हाळ्यात रंग दाखवला. कवठे महांकाळ सोडून जतकडं निघाल्यावर एक लांब चढ लागतो. त्या चढावर भर दुपारी समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, गाडीनं एक उसासा टाकला आणि गपगार झाली. मागचा ट्रक वीतभर अंतरावर थांबला म्हणून आण्णा आणि काकू दोघं वाचले. गाडी शोरूमला ओढून नेली तर तिथं गार झाल्यावर शहाण्या लेकरासारखी चालू लागली. भरतेशनं चार गिऱ्हाइकांसमोर हसत सांगितलं, "आण्णा, गाडीत काही नाही. वय झालं की ब्रेक आणि रेस दोन्हीवर पाय पडतो." आणि कागदावर लिहून दिलं: चालकाची चूक.

ज्या आण्णांनी कृष्णेच्या काठच्या मोकळ्या मैदानात याच भरतेशला मोटार शिकवली होती, त्यांच्या वयाबद्दल भरतेशनं हे लिहिलं. तो कागद आण्णांच्या पुण्याच्या मुलाच्या मोबाइलवर गेला. मुलानं फोन केला, "बाबा, आता गाडी चालवू नका. माझी शपथ आहे." आण्णांनी किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. त्यानंतर ते रिक्षात नाहीतर दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसत. पुढं म्हैस आडवी आली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. तिथं ब्रेक नसे, नुसती चटई असे.

काकूंना तो पाय दिसे. बाकी सगळं त्यांनी सोडलं असतं. त्या पायाची वसुली त्यांना करायची होती.

त्या घाईत नव्हत्या. त्यांनी होशिकावा गाडीवाल्यांचा व्हॉट्सॲप गट शोधून काढला आणि दुसऱ्या बायका मालिका बघतात तशा त्यातल्या तक्रारी वाचू लागल्या. कऱ्हाडच्या एका डॉक्टरांच्या काचा भर बाजारात आपोआप खाली यायच्या. मिरजेच्या एकाचा भोंगा प्रेतयात्रेत सुरू झाला तो थांबेना. साताऱ्याच्या एक प्राध्यापक बाई यवतेश्वरच्या घाटात आण्णांसारख्याच अडकल्या होत्या आणि त्यांनाही कागद मिळाला होता: चालकाची चूक. बाईंनी वैतागून लिहिलं होतं, 'ऊन, चढ, एसी आणि मागं ओझं, चारही एकत्र आले की ही गाडी मरते. एक जरी कमी असलं तरी गुणाची.' काकूंनी ते वाक्य एखाद्या पाककृतीसारखं पाठ केलं.

आता साहित्य जमवायचं होतं. भरतेशच्या मुलासाठी स्थळ बघायचं चाललं होतं, आणि सांगलीपासून बेळगावपर्यंत कुठल्या घरात लग्नाची मुलगी आहे हे काकूंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जतच्या जिनेंद्र पाटलांची ब्राह्मी. पोरगी शिकलेली, घर डाळिंबाच्या बागांचं. स्थळ खरोखरच चांगलं होतं. सुडासाठी कुणाच्या लेकीला वाईट घर द्यायच्या काकू नव्हत्या. भरतेशची बायको माहेरी गेलेली. "आधी आपण दोघं जाऊन घर बघून येऊ," काकू म्हणाल्या. "आमचीच गाडी घेऊ. तू चालव."

भरतेश जरा थबकला. "माझी आणतो की काकू."

"का रं? आमच्या गाडीत काय खोट आहे का?"

समोर आण्णा बसले होते. भरतेश हसला. "छे, छे! एक नंबर गाडी आहे."

"मग झालं तर."

निघायच्या दिवशी काकूंनी पाहुण्यांना द्यायला म्हणून डिकीत हळदीचं पोतं आणि गुळाच्या ढेपा भरल्या, आणि त्यांच्यावर जेवणाचा डबा ठेवला. भरतेश पक्का जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, हॉटेलातलं तर पाण्यासारखं पाणीही घेत नाही. व्रत कडक आणि भूक त्याहून कडक. डब्यात काय काय आहे ते काकूंनी मिरज येईपर्यंत सांगितलं. पुरणपोळ्या, शेंगदाण्याची चटणी, मसालेभात, तूप वेगळं.

कवठे महांकाळ मागं पडलं. काकू म्हणाल्या, "लय उकडतंय बाबा, एसी वाढव की." भरतेशनं वाढवला. चढ लागला. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. माळावर उन्हाचं पाणी पाणी झालं होतं. त्यांनी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली आणि तो पुरा व्हायच्या आत समोरचे सगळे दिवे पेटले.

गाडीनं उसासा टाकला.

"काय केलंस?" काकूंनी विचारलं.

"मी काय नाही केलं!"

"पाय कुठं होता तुझा?"

भरतेशनं काकूंकडं पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर फक्त काळजी होती. गाडी त्यानं कशीबशी उतारावर सोडून कडेच्या बाभळीखाली घेतली. शोरूमला फोन लावला. ओढून नेणारी गाडी साताऱ्याला गेलेली. जिनेंद्र पाटलांना फोन केला. ते बागेत टँकरचं पाणी उतरून घेत होते, म्हणाले, टँकर रिकामा झाला की जीप घेऊन येतो. शेवटी भरतेशनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर लावला. ही त्याची खरी चूक.

"होशिकावा परिवारात आपलं मनापासून स्वागत," एक मुलगी म्हणाली आणि तिनं गाडीचा नंबर लिहून घेतला. "वाहन चालवणाऱ्याचं वय सांगाल, सर?"

"वय कशाला पाहिजे? मी भरतेश बोलतोय, सांगलीचा!"

"हो भरतेश सर. वय?"

"चोपन्न."

"ठीक आहे सर. या वयात कधीकधी ब्रेक आणि रेस दोन्हीवर पाय पडू शकतो. घाबरून जाऊ नका. या गाडीची आधीची एक नोंद दिसतेय, चालकाची चूक. तीच पुन्हा करू का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. खोकला आला असावा.

मेंढरं घेऊन एक धनगर रस्ता ओलांडत होता, धुळा नावाचा. तो काठी टेकून उभा राहिला. "आवं, ही गाडी गेल्या साली हितंच बसली हुती की! एक म्हातारं हुतं, लय सज्जन. टोपीनं तिला वारा घालत हुतं. त्येंची तब्येत बरी हाय न्हवं?"

"तब्येत बरी आहे," काकू म्हणाल्या. "गाडी चालवत नाहीत आता."

"का बरं? चांगली कडेला घेतली हुती की त्येंनी. मागनं ट्रक आला हुता, दुसरा असता तर मेला असता." धुळानं भरतेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्ये नवीन डायवर व्हय?"

मेंढरं गेली. सावल्या लांबल्या, पण गाडी अजून तापलेलीच, बटण दाबलं तरी मेल्यासारखी. भरतेशचं लक्ष आता डोंगराकडं होतं. सूर्य डोंगरापासून हातभरच वर उरला तेव्हा तो म्हणाला, "काकू, डबा काढू या." आणि डिकीचं बटण दाबलं. डिकी उघडेना. गाडी मेली की तिची डिकीही मरते, कारण ती विजेवर. मागची सीट पाडावी तर तीही बटणावर. भरतेशनं डिकीला गदागदा हलवलं, तळहातानं बडवलं. तुपाचा वास तेवढा फटीतून बाहेर आला.

भरतेशला गाडीचे रंग आणि हप्ते सोडून काही ठाऊक नव्हतं. रिमोटच्या पोटात एक चपटी लोखंडी किल्ली लपलेली असते आणि नंबर प्लेटच्या वर रबरी टोपणाखाली तिचं भोक असतं, हे गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक फक्त आण्णांनी वाचलं होतं, आणि काकूंना वाचून दाखवलं होतं. आण्णांची किल्ली घरी खिळ्यालाच होती, गाडीचा दुसरा रिमोट काकूंच्या पर्समध्ये होता.

"भरतेशा," काकू शांतपणे म्हणाल्या, "डिकी उघडेल. आण्णांना फोन लाव. त्या वेळी दोष तुमचा नव्हता, गाडीचा होता, एवढं म्हण. आणि उद्या तसं लिहून दे. आमच्या मुलाच्या मोबाइलवर जाईल असं."

भरतेशला सगळं एकदम उमगलं. आमरस, पोतं, एसी, सगळं. "काकू! तुम्ही मला मुद्दाम..."

"मी कशाला? मी कुठं चालवत होते?"

"असं लिहून दिलं तर धंदा बसेल माझा."

"मग उपाशी राहा. मी दशलक्षण पर्वात दहा दिवस निव्वळ पाण्यावर काढलेत. मला एक रात्र काय जड आहे?"

भरतेश चतुर. त्यानं आण्णांना फोन लावला, पण भलताच सूर लावून. "आण्णा, गाडी अडकलीय, डिकी उघडेना, डबा आत आहे आणि दिवस मावळतोय हो!"

"अरे रे," आण्णांचा कळवळलेला आवाज आला. "रिमोटच्या पोटात किल्ली आहे. गुणमालाला माहीत आहे, विसरली असेल. लवकर कर, जेवून घे बाळ."

काकूंनी कपाळावर हात मारला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्यानंच शत्रूला किल्ली दिली! पर्स उघडून त्यांनी रिमोट भरतेशच्या हातात आपटला. डिकी उघडली. भरतेश विजयी मुद्रेनं डब्यावर वाकला, आणि त्याच क्षणी धूळ उडवत जिनेंद्र पाटलांची जीप येऊन थांबली.

पाटील उतरले. उंच, उन्हानं रापलेले, थेट बोलणारे. "काय झालं पाव्हणं? गाडी कुणाची?"

"आमची," काकू म्हणाल्या. "पण ह्यांच्याच शोरूमची."

"आसं व्हय? आमीबी ह्यीच घ्यायच्या इचारात हुतो. मग बंद कशानं पडली? चालवत कोण हुतं?"

भरतेशच्या हातात डबा होता. फोन बॉनेटवर, स्पीकर लावलेला, चालूच होता. आण्णांचा श्वास ऐकू येत होता. गाडी चांगली म्हणावं, तर होणाऱ्या व्याह्यासमोर आपल्याला मोटार हाकता येत नाही. आपण चांगले म्हणावं, तर गाडी वाईट. काकूंना मधे बोलायची गरजच नव्हती. त्यांनी नुसता त्याच्या हातातला डबा घेतला, त्यातलं केळीचं पान झाडाच्या मुळावर अंथरलं, पोळी ठेवली आणि तुपाचा चमचा वर धरून थांबल्या. तूप सोडलं नाही.

सूर्य डोंगराला टेकला.

"मी चालवत होतो," भरतेश म्हणाला. "माझी चूक नाही. गाडीत दोष आहे. चढावर बंद पडते."

"मागच्या साली?" काकू म्हणाल्या.

"मागच्या सालीपण."

"नाव घेऊन सांग. फोनकडं तोंड कर."

"आण्णा, तुमची चूक नव्हती. गाडीची होती. मला तेव्हाच ठाऊक होतं. उद्या लिहून देतो."

डिकीतून डबा काढताना तो वाकला होता, तो अजून पुरता सरळ झाला नव्हता. फोटोतल्या म्हाताऱ्याइतका नाही, पण जवळपास.

फोनवर आण्णांची पावलं वाजली. मग खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा बारीक आवाज आला, पण किल्लीचा उपयोग नव्हता, गाडी तर इथं. "गुणमाला," आण्णा म्हणाले, "शेजारच्या जोतीरामची जीप मागून घेतो. मी येतो तुम्हाला न्यायला. मीच चालवत येतो."

काकूंनी तूप सोडलं. भरतेशनं उरलेल्या उजेडात भराभरा घास गिळले. काकूंचं स्वतःचं पान तसंच राहिलं. कबुली वसूल करण्यात त्यांचा सूर्य बुडाला होता. पाटील हळहळले, तर काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, पोट तुडुंब आहे."

पाटलांच्या घरी बैठक झाली. मुलगी पसंत पडली, होशिकावा पडली नाही. आण्णा आले, जीपमधून खाली उतरून शर्ट झटकला आणि पाटलांना होशिकावाचा इतिहास सांगायला लागले, तेव्हा काकूंनी त्यांना हाताला धरून परत गाडीत बसवलं.

परतताना काकू पुढं बसल्या. भरतेश मागं. चढावरून आता उतार होता, आणि आण्णांनी जीप जरा सैल सोडली होती. समोर मेंढरांचे डोळे चमकले. काकूंनी मान वळवून मागं पाहिलं.

भरतेशचा उजवा पाय चटईवर जिवाच्या आकांतानं दाबलेला होता.

"भिऊ नको रं," काकू म्हणाल्या. "चालक चांगला आहे."