शेळीची धार

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. दवाखाना दूर बीडला, नेकनुरात एक सुईण रहेमतबी. सत्यभामेला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. थोरली जाऊ केसरबाई अशी राबली, की गावानं बोटं तोंडात घालावीत. रोज अळीवाची खीर, डिंकाचे लाडू. पोराला तेल लावणं, उन्हात धरणं तिच्याकडं. बाळोतीही तीच धुवायची. बाळंतिणीला निवांत झोप लागावी म्हणून रात्रीही पोर तिच्याच कुशीत. माया असावी तर अशी!

पण तिच्याकडून माघारी आलेलं पोर सत्यभामेच्या अंगावर तोंडच लावायचं नाही, झोपी जायचं. तिची चोळी भिजायची, तर केसरबाई म्हणायची, ते नुसतं पाणी, दूध नव्हे. आठव्या दिवशी तिनं पदर डोळ्याला लावला, आणि घरानं ठरवलं: केसरबाईला मूलबाळ नाही, बारशाला पोर तिच्या ओटीत घालावं, ती वरच्या दुधावर जगवील. सत्यभामा रडरड रडली आणि हो म्हणाली.

बारशाच्या सकाळी रहेमतबी आली. पोरानं बाळोतं भरलं, ते म्हातारीनं उजेडात धरलं. आईच्या दुधाचं असतं तर पिवळं, पातळ असतं. हे पांढुरकं, चिकट. तिनं पोराचं तोंड हुंगलं आणि दुपारपर्यंत त्याला कुणाकडं देऊ दिलं नाही. मग भुकेलं पोर आईला असं बिलगलं, की सोडीना.

"ऐक, घोट वाजतोय," रहेमतबी म्हणाली. "असा घोट वाजला, दिसातून सहा-सात बाळोती भिजली, की पोट भरतंय समजायचं. तुला दूध लई हाय, पोरी. ह्येला शेळीचं पाजून पाठवत व्हते."

सत्यभामेनं वळून बघितलं. दारात केसरबाई उभी होती.

"आक्का, कावून केलं असं?"

केसरबाईचे डोळे आज कोरडे होते. "शेळी मला हात लावू देत न्हाई, ठाव हाय तुला. धार कोन काढून देत व्हतं, त्येला इचार."

घरची ती शेळी फक्त गहिनीनाथाला, सत्यभामेच्या नवऱ्याला, धार काढू द्यायची. तो अंगणात पाळणा बांधत होता. थोरल्या भावानं अर्धं रान पोराच्या नावे करायचा शब्द दिला होता त्याला. मान वर न करता तो म्हणाला, पोर कुठं परक्याकडं जात होतं, याच घरात राहिलं असतं.

"आक्का परक्या घरची," सत्यभामा म्हणाली. "तुमी तर रोज उंबऱ्याशी बसून माजं रडू बघत व्हता."

एवढं बोलून तिनं दाराकडं पाठ केली आणि पोराला दुसऱ्या अंगाला घेतलं.