सखुबाईचा व्यवसाय

वरसोंडीच्या सर्वेक्षणाला कल्पितालाच पाठवायचं, हे सर्वेक्षण संस्थेच्या पियूष सरांनी बेलापूरच्या ऑफिसात आधीच ठरवलं होतं. "तुझी आत्या तिथेच राहते ना? मग लोक दार उघडतील." त्याआधी गेलेल्या दोघांना गावाने पाणीही न विचारता परत पाठवलं होतं. गावासमोरच्या खडकांवर भराव टाकून एका कंपनीची कोळशाची जेट्टी व्हायची होती. जेट्टीच्या पर्यावरण अहवालासाठी घरोघरी कोण कशावर जगतं, ते लिहून हवं होतं.

दारं उघडली. "सखुची भाची हाय" म्हणत बायकांनी तिला ओटीवर बसवलं, चहा दिला.

चौथ्या दिवशी ती आत्याकडे गेली. सखुबाई नुकतीच ओहोटीवरून आली होती. पाटीत कालवं होती आणि शिंपल्यांच्या धारेने बोटं नेहमीसारखीच चिरलेली होती. याच घरात राहून कल्पिताने अलिबागच्या कॉलेजातून बीएस्सी केलं होतं. तीन वर्षं ती ह्याच कालवांचं कालवण जेवली होती.

"आत्या, व्यवसाय?"

"घरकाम लिव."

"अगं, पण..."

"घरकाम लिव म्हनते ना! धर्माजीच्या सुनेनं मासली इकते म्हनून सांगितलं, नि रेशनचं पिवळं कार्ड गेलं तिचं. तुजा कागद पुढं कुनाकडं जाईल, तुला तरी ठावं हाय का?"

कल्पिताला ठाऊक नव्हतं. तिने 'घरकाम' लिहिलं आणि अंगठा घेतला. गावातल्या चौऱ्याण्णव बायकांपैकी एक्क्याण्णव जणींनी तेच सांगितलं.

ऑफिसात तिने शेवटच्या रकान्यात स्वतःहून लिहिलं, की बहुतेक बायका खडकांवरची कालवं आणि खेकडे विकून घर चालवतात. पियूष सरांनी ते वाक्य काढून टाकलं. "तुला काय वाटतं ते नको. लोकांनी अंगठा लावून काय सांगितलं, ते दे. नाहीतर परत जा, फॉर्म बदलून आण."

परत जाणं म्हणजे दोन दिवसांचं काम होतं. बायकांना समजावता आलं असतं. पण अहवालाची तारीख तोंडावर आली होती, आणि सर चिडले की आठवडाभर चिडलेलेच राहत. ती गेली नाही. 'किनाऱ्यावर अवलंबून असलेली महिला कुटुंबे: तीन' असा तक्ता छापला गेला आणि त्याखाली सर्वेक्षक म्हणून तिचं नाव.

जनसुनावणी सरकारी अधिकाऱ्यांसमोर शाळेच्या मैदानात झाली. चाळीसेक बायका पाट्या घेऊनच आल्या. सखुबाई माइकसमोर उभी राहिली. "सायेब, आमची शेती म्हनजे तो खडक. भराव टाकलात की आमी खावं काय?"

पियूष सरांनी शांतपणे फाइल उघडली. "सखुबाई, हा फॉर्म तुमचाच ना? व्यवसाय, घरकाम. अंगठाही तुमचाच."

"आंगठा माजा हाय, पन..."

"मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आत्ता?"

मागे गावातला गणराज हसला. भरावाच्या डंपरचं काम त्याला मिळायचं होतं. त्याच्याभोवतीची पोरंही हसली. सखुबाईने वळून कल्पिताकडे पाहिलं. कल्पिता कंपनीच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसली होती, गळ्यात ओळखपत्र.

ती उठली. "साहेब, त्या खोटं बोलत नाहीत. कार्ड जाईल म्हणून घाबरल्या होत्या. मला माहीत होतं. तरी मी तसंच लिहिलं."

"म्हणजे तुमचा अहवाल चुकीचा आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

मग अधिकाऱ्यांनी कारकुनाला सांगितलं, "नोंद घ्या. संस्थेकडून खुलासा मागवा."

खुलासा आठ दिवसांत आला, एका पानाचा. सर्वेक्षक ही हरकत घेणाऱ्या महिलेची सख्खी भाची असल्याने तिचं विधान निःपक्षपाती मानता येणार नाही. ज्या नात्यासाठी तिला वरसोंडीला धाडलं, त्याच नात्यावर बोट ठेवून तिला खोटं पाडलं. नोकरी गेलीच. पावसाळा संपता संपता जेट्टीला परवानगी मिळाली.

दिवाळीनंतर कल्पिता आत्याकडे गेली. बाहेर डंपर धुरळा उडवत जात होते, समोरचा खडक अर्धाअधिक मातीखाली गेला होता. अपील करता येईल, वकिलाशी बोलले आहे, असं ती सांगायला लागली.

"बसा, च्या टाकते," सखुबाई म्हणाली.

आत्याने तिला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. चहा आला, बशीत दोन बिस्किटंही. सखुबाईने तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. अपिलाबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही. कल्पिता निघाली तेव्हा सखुबाई कप उचलून आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही.