सहा दिवे आणि एक इस्त्री

लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. गादीवर बसलेल्या चमत्कारी बाबांनी समोरच्या छोट्या दिव्याचं बटण दाबलं आणि हात जोडले. "हा एक दिवा मी लावला. बाकीचे तुमची श्रद्धा लावेल." क्षणभर काहीच नाही. मग सहा दिवे, पंखा आणि स्पीकरवरची बासरी, सगळं आपोआप सुरू झालं.

लोक गहिवरले. बायकोला रोज इथे घेऊन येणाऱ्या वायरमनचा मात्र तिळपापड झाला. बायको बाबांकडे ज्या भक्तीने बघत होती, त्या भक्तीने तिने वीस वर्षांत त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"तारांशी एवढे झटता," ती म्हणाली, "तुमच्या शब्दावर एक तरी बल्ब लागला का?"

"काचबिंदू आहे तुला. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी बजावलंय. उरलेली वाचवायला उद्या ऑपरेशन..."

"मी नाही जाणार. बाबा म्हणाले, दिवे लागले तशी नजरही आपोआप येईल."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तरातरा पुढे गेला आणि 'रिमोट काढा' म्हणत त्याने सगळ्यांदेखत बाबांचे खिसे चाचपले. निघाला एक रुमाल. लोक खो खो हसले.

"बाळा, तुझ्या पोटात दुखतंय," बाबा गोडपणे म्हणाले. "त्यावरही अंगारा आहे आमच्याकडे."

खरंच दुखत होतं, हेच त्याला जास्त झोंबलं. तो खाली मान घालून परतला, तर बायको हळूच म्हणाली, "अहो, तो टक् आवाज कसला? बाबा बटण दाबतात, मग टक्, मग दिवे. दिसत नाही नीट, म्हणून मी कान लावून बसते. तुमच्या टेबलावरचा तो आपोआप चालू-बंद होणारा स्विच, रिले, अस्साच वाजतो."

वायरमनने कपाळावर हात मारला. असे रिलेवाले बोर्ड त्याने स्वतः ऑफिसांत बसवले होते! कॉम्प्युटर सुरू केला की प्रिंटर आपोआप सुरू. जळफळाटात तेवढंच सुचलं नव्हतं.

तो लाँड्रीतली इस्त्री घेऊन आला. बाबांच्या दिव्याच्या तारेमागे जाऊन त्याने गादीखालच्या बोर्डातून तिचा प्लग काढला, तसं सगळं बंद पडलं. तिथे त्याने इस्त्री लावली. टक्. सहा दिवे, पंखा, बासरी.

"पहिल्या सॉकेटातून वीज वाहू लागली की आतल्या रिलेला कळतं, आणि तो बाकीचे सॉकेट सुरू करतो," तो म्हणाला. "त्याला बाबा चालतात, इस्त्रीही चालते."

"इस्त्रीतही चैतन्य असतंच," बाबा पुटपुटले.

"मग आमचे शर्टही तिलाच वाहू," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हॉलभर हशा पिकला.

जिना उतरताना वायरमनची छाती फुगली होती. "आता सांग, बाबा मोठा की मी?"

"माझ्या डोळ्यांसाठी आला असतात, तर टक् पहिल्याच दिवशी ऐकू आलं असतं. तुम्ही आलात बाबांवर जळायला."

त्याने तिचा हात धरला आणि तिला एकेक पायरी सांगू लागला. समोरून दोघी-तिघी दर्शनाला वर येत होत्या. बायको त्यांच्यापाशी थांबली.

"बायांनो, दिवा आपोआप लागला तर तार कुठून आलीय ते विचारा. आणि डोळा अधू झाला तर डॉक्टर गाठा. मी उद्या सकाळी जातेय."