शरिफामावशींची प्लेट

"ही प्लेट कोणी लावली?" इन्क्युबेटरचं दार उघडं ठेवूनच अश्विनीनं विचारलं.

बेसिनपाशी चंबू धुणाऱ्या शरिफामावशींनी नळ बंद केला. "मी लावली."

अश्विनी बघतच राहिली. नगरच्या या कॉलेजात मावशी सव्वीस वर्षं प्रयोगशाळेतलं काचसामान धूत होत्या. शिक्षण सातवी. नवरा, गनीभाई, वारल्यावर श्रीगोंद्याहून इथे आल्या आणि कामाला लागल्या. प्रयोगाला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

अश्विनीचं दोन वर्षांचं संशोधन अमरकंदावर होतं. अकोले तालुक्याच्या डोंगरातलं हे ऑर्किड. तिथल्या बाया त्याचा कंद उगाळून जखमेवर लावत. कंदाच्या अर्कानं चाचणीचं जांभळं द्रावण पिवळं केलं होतं, म्हणजे अँटिऑक्सिडंट गुण सिद्ध झाला होता. परवा जंतूंवरचा परिणामही दिसला. जंतू वाढवायच्या प्लेटवर, अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जंतू वाढलेच नव्हते, चांगलं मोठं मोकळं वर्तुळ पडलं होतं. शोधनिबंध आज संध्याकाळी पाठवायचा होता.

मावशींच्या प्लेटवरही तसंच वर्तुळ होतं.

"कुठला अर्क लावलात?"

"अर्क न्हाईच. नुसतं मिथेनॉल. तुमी कंद ज्याच्यात भिजवता ते."

अश्विनीचा चेहरा उतरला.

"तुमच्या चकत्यांना वास येत हुता, ताई. ओल्याच ठेवल्या तुमी. मग मला वाटलं, जंतू कंदानं मेले का मिथेनॉलनं? एक प्लेट उरली हुती."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला?" अश्विनीचा आवाज चढला.

"कुनीच न्हाई."

तेवढ्यात विभागप्रमुख रंगनाथ सर आले. त्यांनी मावशींचं ऐकून घेतलं, त्यांची आणि अश्विनीची प्लेट उजेडात धरली, दोन्ही वर्तुळं मोजली आणि म्हणाले, "नुसत्या मिथेनॉलची चकती आपणच लावायला हवी होती. घाईत राहिली. निबंध आज जात नाही."

अश्विनी स्टुलावर बसली आणि रडू लागली. मावशींनी माफी मागितली नाही. पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला.

"रडा. पन खोटं नका धाडू. डोंगरातल्या बायांनी इश्वासानं दिलाय कंद."

अश्विनीनं डोळे पुसले. नवा अर्क काढला, चकत्या वास जाईपर्यंत वाळवल्या. वास गेला की नाही, ते मावशींनी सांगायचं, असं तिनंच ठरवलं.

तिसऱ्या दिवशी तिघं इन्क्युबेटरपुढे उभी होती. मिथेनॉलच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. अमरकंदाच्या चकतीभोवती मात्र वर्तुळ होतं. पहिल्याच्या निम्मं, पण स्वच्छ.

अश्विनीनं तीनदा मोजलं. "अकरा मिलिमीटर. मावशी, हे कंदाचंच आहे!"

"व्हय," मावशी म्हणाल्या. त्यांची मान ताठ झाली होती. "आता कुनीबी मोजू द्या."

सरांनी प्रयोगाची वही उघडली. मिथेनॉलच्या पहिल्या प्लेटची नोंद त्यांनी तारखेसह केली होती. पुढचा रकाना रिकामा होता: प्रयोग करणाऱ्याचे नाव. त्यांनी पेन मावशींपुढे धरलं.

मावशींनी ओले हात पदराला पुसले, खुर्ची ओढली आणि बसल्या. या खोलीत त्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होत्या. शरिफा गनीभाई शेख. एकेक अक्षर त्या सावकाश काढू लागल्या.

शेजारच्या वर्गातून हाक आली, "मावशी, बीकर पाहिजेत!"

"थांबा जरा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "लिव्हतीय."