क्लिपलेस पेडल आणि अकोल्याचे व्याही

माणूस आणि यंत्र एकरूप झाले की खऱ्या प्रगतीला सुरुवात होते. किशोर गावंडे आपल्या माउंटन बाइकशी पहिल्यांदा एकरूप झाले ते राजापेठेच्या चौकात, आणि त्याच एकरूप अवस्थेत डाव्या अंगावर आडवे झाले. सायकलही सोबत पडली. तिला वेगळं पडता येत नव्हतं, हाच त्या पेडलचा गुण होता.

गावंडे सर ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतात. पन्नाशी उलटल्यावर चिखलदऱ्याचा घाट नकाशाऐवजी सायकलवरून पाहावा असं त्यांच्या मनात आलं. सायकल ग्रुपच्या अकीला मॅडम म्हणाल्या, घाट चढायचा तर क्लिपलेस पेडल लावा. बुटाच्या तळव्याला लोखंडी खिट्टी असते, ती पेडलमध्ये टक्कन अडकते आणि पाय सायकलचा होतो. टाच बाहेर फिरवली की सुटतो. सरांना अडकण्याचा भाग पहिल्याच दिवशी जमला.

खरी अडचण घाटाची नव्हती, अमरावतीची होती. आपल्याकडे ओळखीचा माणूस दिसला की सायकल थांबवून एक पाय जमिनीला टेकवायचा असतो. उतरायचं नसतं, तेवढा वेळ कोणालाच नसतो. पाय टेकवायचा, "काय मंग?" म्हणायचं, समोरचा म्हणतो "काई नाई," आपण म्हणायचं "बरं," आणि निघायचं. या संभाषणात आजवर कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही. तरी तो टेकलेला पाय म्हणजे माणुसकी. जो टेकवत नाही त्याला नवीन प्लॉट लागून माज चढला असं लोक धरून चालतात.

त्यामुळे सर पहिल्या आठवड्यात माणुसकीपायी पडत राहिले. निवृत्त मुख्याध्यापकांसमोर पडले, दूधवाल्यासमोर पडले, एकदा तर ज्याच्याशी गेली कित्येक वर्षं बोलचाल नव्हती त्या शेजाऱ्यासमोर पडले आणि उचलताना त्याच्याशी समेट झाला. कोपराला मात्र समेट परवडेना. शेवटी सरांनी थांबणंच सोडलं. लांबून मान हलवायची आणि निघून जायचं.

नेमके त्याच दिवसांत राजापेठेत रस्त्याच्या कडेला पुंजारामजी उभे दिसले.

पुंजारामजी अकोल्याचे. त्यांचा अश्विन आणि सरांची आरती यांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. दोन्ही घरांनी आपण पसंत केल्यासारखं दाखवायचं तेवढं बाकी होतं. बोलणी पक्की व्हायची होती. पुंजारामजी थेट सरांकडे पाहत होते. सरांनी मान हलवली आणि पुढे निघून गेले.

घरी हे ऐकून सरांच्या पत्नी रागिणीताईंनी पोळी तव्यावर तशीच ठेवली.

"थांबले नाई तुमी?"

"थांबलो असतो तं पडलो असतो."

"मंग पडाचं होतं! इवायासमोर पडलं तं मानूस हासते. न थांबता गेलं तं सोयरीक मोडते."

"अवं, पाय निंगत नव्हता माया."

"हे कोनाले सांगसान? पाय निंगत नव्हता म्हने. पाय काय फेविकॉलनं चिकटवला व्हता?"

तीन दिवसांनी संध्याकाळी बेबीताईंचा फोन आला. त्या नात्यानं दोन्हीकडच्या, ही सोयरीक त्यांनीच सुचवलेली. "मी अकोल्याले फोन लावला व्हता," त्या म्हणाल्या. "अश्विनची माय जमुनाबाई काई नीट बोल्ल्या नाई. पुंजारामजी भिताडाकडं तोंड करून निजले हायेत म्हने. काय झालं रे किशोर?"

काय झालं ते सरांना माहीत होतं. आरतीनं अश्विनला विचारलं, तर तो "घरी सगळं ठीक आहे" हे इतक्या घाईनं म्हणाला की तिचा चेहरा उतरला.  वडिलांसमोर तिनं चहाचा कप ठेवला तो आवाज करून.

फोनवर खुलासा करून कोणाला पटणार नाही, हे सरांनी ओळखलं. भूगोलात सुद्धा पृथ्वी गोल आहे हे पोरांना गोळा दाखवल्याशिवाय पटत नाही. अकोल्याला जायचं, त्याच सायकलवरून जायचं आणि पाय अडकतो हे डोळ्यांसमोर दाखवायचं. ग्रुपची अकोल्याची राइड ठरलेलीच होती. पण हायवेवर अकीला मॅडम पडणारा माणूस नेत नसत. म्हणून आधी पाय काढायला शिकणं आलं.

"सर, तुमी पहले थांबता, मंग इचार करता," मैदानावर अकीला मॅडम म्हणाल्या. त्या शाळेत पीटी शिकवत आणि मोठ्या माणसांनाही शिट्टी वाजवूनच बोलावत. "टाच पहले. थांबनं बाद में. माणूस दिसला की टाच बाहेर!"

सरांनी हा मंत्र घेतला आणि गावभर फिरले. अमरावतीत ओळखीच्या माणसांची कधी टंचाई नसल्यानं सराव भरपूर झाला. काही दिवसांत पाय इतका तयार झाला की डोक्याला विचारेनासा झाला. चेहरा दिसला की टक. एकदा वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे हात जोडलेले भाऊ दिसले, तरी टक. सरांनी त्यांनाही "काय मंग?" विचारलं.

रविवारी पहाटे ग्रुप निघाला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. दोन्ही बाजूंना हरभरा सोंगून झालेली काळी रानं, समोर सरळ रस्ता, आणि पाय कसे चाकाशी जोडल्यासारखे फिरत होते. मूर्तिजापूरच्या पुढे सरांना काही वेळ सोयरिकीचा चक्क विसर पडला. आयुष्यात आपल्याला एखादी नवीन गोष्ट जमली, ती पन्नाशीनंतर जमली आणि तिच्यावर परीक्षा नाही, असं त्यांना वाटत होतं. मग अकोला आलं.

पुंजारामजी ओसरीत काळा चष्मा लावून बसले होते. जमुनाबाई अंगणात बाजेवर मुगाच्या डाळीच्या मुंगवड्या वाळत घालत होत्या. सोबत साक्षीदार म्हणून अकीला मॅडम होत्या.

"पुंजारामजी," सर सायकलवरूनच म्हणाले, "त्या दिवशी राजापेठेत मी थांबलो नाई. मगरुरी नव्हती. पाय निंगत नव्हता. हे पाहा, दाखवतो."

त्यांनी अंगणात एक चक्कर मारली, दोन्ही पाय अडकवले आणि ओसरीसमोर आले. पुंजारामजींचा चेहरा दिसला. टक. पाय जमिनीवर.

"निंगला ना," पुंजारामजी म्हणाले.

"थांबा, परत दाखवतो."

टक.

"चांगला निंगते की," जमुनाबाई म्हणाल्या. "कोन म्हनते निंगत नाई?"

सरांनी पुन्हा दोन्ही पाय अडकवले. आरतीचं लग्न त्यांच्या टाचेवर आलं होतं आणि टाच ऐकत नव्हती.

"सर, टाच मत फिराओ!" अकीला मॅडम ओरडल्या. इतके दिवस त्या नेमकं उलट ओरडल्या होत्या. "उनकी तरफ देखो मत! वर पाहा!"

सरांनी वर पाहिलं. वर कडुलिंब होता, त्यात एकही ओळखीचा नव्हता. सायकल मंद झाली, थांबली, क्षणभर उभी राहिली आणि सर दोन्ही पायांसकट, सायकलसकट, मुंगवड्यांच्या बाजेवर कलंडले. बाजेचा एक पाय मोडला. सरांचे दोन्ही शाबूत होते, आणि अजूनही पेडलमध्येच होते.

"आता पटलं?" त्यांनी खालून विचारलं. नाकावर एक मुंगवडी होती.

पुंजारामजी आधी खोकले, मग हसायला लागले. हसता हसता खुर्चीचे हात धरले.

"अरे उचला रे मास्तरले! अमरावतीहून सायकल दामटत आला हा मानूस, पडून दाखवाले! बाई, तुमी तरी धरा एकीकडून. जमुना, गूळ आन. असा इवाई मले सात जिल्ह्यांत भेटन काय? पोरगी आमची झाली, जाय."

गूळ आला. सरांनी तिथंच मुंगवड्यांत बसून आरतीला फोन लावला. पलीकडून इतकं ऐकू आलं की फोन कानापासून लांब धरावा लागला. अकीला मॅडमनी शिट्टी वाजवली, कारण आनंद व्यक्त करायची त्यांची तीच पद्धत होती.

चहा झाल्यावर जमुनाबाई पदराशी चाळा करत जवळ आल्या.

"आता पक्कं झालं तं सांगते, दादा. सोयरीक ठरल्याबिगर घरातलं दुखनं सांगाचं नसते ना, म्हनून अश्विनलेई बोलू देल्लं नाई. यायच्या डोळ्याचं आपरेशन झालं. अमरावतीलेच केलं, तुमी म्हनता त्याच्या दुसऱ्या रोजी. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू पिकला व्हता."

पुंजारामजींना त्या दिवशी राजापेठेत कोणीच दिसलेलं नव्हतं.