आईचं रक्त

“मी देल्लेली पिशवीच लावा माया पोराले,” चंदाबाई रक्तपेढीच्या खिडकीशी अडून बसली होती. “लोकाचं रक्त काऊन?”

एरवी एक पिशवी द्यायची आणि जुळणारी दुसरी घ्यायची, अशी तिथली रीत. पण आरमोरीकडच्या तिच्या गावात सारे एकच सांगत, आईचं रक्त लेकराला बाधत नाही. अजयला सिकलसेल होता, वरचेवर रक्त चढवावं लागे. पोरगा परक्यांच्या रक्तावर जगतो, हे चंदाबाईच्या मनाला कायम लागून राहिलं होतं. गट जुळला आणि तिच्या हट्टापुढे खिडकीतल्या माणसानं हात टेकले.

रक्त चढू लागलं तेव्हा ती मोठ्या ऐटीत उशाशी बसली. पिशवी संपायच्या आतच अजयला धाप लागली. ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला. नर्सनं धावत येऊन नळी बंद केली आणि चंदाबाईला बाहेर काढलं.

अजय यंत्राच्या आधारानं श्वास घेत होता, तोवर तिच्याशी बोलायला कुणाला फुरसत नव्हती. तो सावरला, तेव्हा डॉक्टर मयुरी तिच्या शेजारी बाकावर येऊन बसली.

“चंदाबाई, अजय पोटात होता ना, तेव्हा त्याला बापाकडून मिळालेलं काहीतरी तुमच्या शरीराला परकं वाटलं. त्याच्याविरुद्ध तुमच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली. ती अजून आहेत. पिशवीतून ती त्याच्यात गेली आणि त्याच्या पांढऱ्या पेशींना चिकटली. मग त्याच्याच रक्तातली पूरक प्रथिनं, म्हणजे शरीराचे रखवालदार, एकामागून एक जागे झाले. सगळ्यांनी मिळून फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा केली. तिथून फुप्फुसात पाणी झिरपलं.”



“धानात डुक्कर घुसलं का एकजण आरोळी देते,” चंदाबाई म्हणाली. “सारे काठ्या घेऊन धावतेत. डुक्कर पळून जाते, अन् धान आपल्याच पायानं तुडवल्या जाते.”

“तसंच. आणि इथं तर डुक्करही नव्हतं.”

“म्हंजे मी त्याले पोटात वाढवलं, अन् माया रक्तानं त्याचं वैर धरलं?”

“वैर नाही हो. रक्ताला लेकरू कळत नाही. पण यापुढे तुमचं रक्त त्याला द्यायचं नाही. त्यालाही हे माहीत हवं, नाहीतर दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा हेच होईल. मी सांगू?”

“मीच सांगीन.”

आत अजय उशीला टेकून बसला होता. शेजारच्या खाटेवरच्या झिंगू म्हाताऱ्याला तो सांगत होता, “मायनं रक्त देल्लं म्हून वाचलो, बाबाजी.” म्हाताऱ्यानं चंदाबाईकडे बघून हात जोडले. ती गप्प राहिली असती तर ते मोठेपण जन्मभर तिचंच होतं. तिला ते हवंही होतं.

“नाई बापू,” ती म्हणाली. “माया रक्तानंच तुयी छाती भरली. तुले मायं रक्त चालत नाई. ध्यानात ठेव. अन् मी पुन्ना कुठी हट्ट धरला, तर मलेच आडव.”

 अजयनं जेवणाच्या डब्याकडे मानेनं खूण केली.

“हातचं तं चालते ना?”

तिनं वरण-भात कालवला. पहिला घास त्याच्या ओठांपर्यंत नेला आणि तिथं तिचा हात थांबला. अजयनंच मान पुढे करून तो घेतला.